बॅक्टेरियाच्या जीनोमसाठी नॅनोपोअर करावं का?

पेट्रीडिश:
इल्युमिना मशीनचे १५० बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे) रीड्स, म्हणजे वाचलेले तुकडे, जोडले तर जीनोमचे नुसते तुकडे तुकडे होतायत, आणि अँटिबायोटिक रेझिस्टन्सचा जीन प्लाझमिडवर (क्रोमोसोमपासून वेगळा, सहसा गोल डीएनए) आहे की क्रोमोसोमवर हेच कळेना. नॅनोपोअरने (लांब रीड्स देणारं सिक्वेन्सिंग) सुटेल का हे, की त्याच्या एररचीच नवी डोकेदुखी?

लांबरीड:
सुटेल! रेझिस्टन्स जीनच्या आजूबाजूला बऱ्याचदा इन्सर्शन सिक्वेन्स (जीनोममध्ये इकडून तिकडे उड्या मारणारे डीएनएचे तुकडे) असतात, हजार-दीड हजार बेसचे, आणि त्याच त्या कॉप्या जीनोमभर पसरलेल्या, मग १५० चा रीड नेमका कुठल्या कॉपीतला हे असेंब्लरला (रीड्स जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला) कळणार कसं? १०-२० हजारांचा रीड अख्खा रिपीट ओलांडून पलीकडे जातो. माणसाचा पूर्ण जीनोम २०२२ मध्ये छापून आला त्यातही सेंट्रोमियरसारख्या किचकट भागांना नॅनोपोअरचे अल्ट्रालाँग रीड्स कामी आले होते.

सिग्नलवाला:
एवढं सोपंही नाही हां. पोअरमधून (सूक्ष्म छिद्रातून) डीएनए सेकंदाला साधारण ४०० बेसच्या वेगाने सरकतो आणि मशीन मोजतं फक्त करंट. आता सलग आठ-नऊ A आले तर करंट बदलतच नाही, मग A आठ होते की नऊ हा अंदाजच. R10 मध्ये (पोअरच्या नव्या आवृत्तीत) बरंच सुधारलंय पण एक बेस इकडेतिकडे झाला की फ्रेमशिफ्ट (पुढची तीन-तीन अक्षरांची सगळी जुळणी सरकते), आणि चांगला जीन तुटलेला दिसतो. मिथाइलेशनच्या (बेसला चिकटलेल्या रासायनिक खुणेच्या) जागी तर तीच चूक रीडमागून रीडमध्ये येऊ शकते, तिथे कव्हरेज (एकच जागा किती वेळा वाचली) कितीही वाढवा, उपयोग शून्य. (गंमत म्हणजे त्याच सिग्नलमधून बायसल्फाइटची रासायनिक प्रक्रिया न करता मिथाइलेशन वाचताही येतं.)

पेट्रीडिश:
मग इल्युमिनाचा डेटा ठेवू ना?

लांबरीड:
अर्थात! आधी लाँग रीड्सने असेंब्ली, मग इल्युमिनाने पॉलिशिंग (उरलेल्या चुका सुधारणं). उलटं नको.

पिपेटकर:
सगळे सॉफ्टवेअरवरच बोलतायत, पण निम्मा खेळ डीएनए काढण्यात आहे. व्होर्टेक्स मारलात (मशीनवर जोरात हलवलंत) की डीएनए तुटतो, लांब रीड्स विसरा, रुंद तोंडाची टिप वापरा, हळू पिपेट करा. आणि तुमचा प्रश्नच प्लाझमिडचा आहे म्हणून सांगतो, लायगेशन किटमध्ये अ‍ॅडाप्टर (डीएनए पोअरमध्ये जावा म्हणून लावायचा जोडतुकडा) मोकळ्या टोकाला चिकटतो, छोटं गोल प्लाझमिड न तुटता राहिलं तर त्याला टोकच नाही, मग ते डेटात नीट दिसतच नाही आणि आपण म्हणतो प्लाझमिड नाहीच. रॅपिड किट डीएनए कापूनच अ‍ॅडाप्टर लावतं, रीड्स थोडे आखूड येतील पण इथे तेच बरं.

सिग्नलवाला:
+१. आणि बेसकॉलिंग (करंटवरून बेस ओळखणं) जीपीयूवरच करा, साध्या लॅपटॉपवर अचूक मॉडेल लावलंत तर बसा वाट बघत. पॉड५ (कच्च्या सिग्नलच्या) फाइली मात्र उडवू नका, नवं मॉडेल आलं की त्याच डेटावर परत चालवता येतं.