मदत हवी आहे: कासान (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू असूनही मेमरी कोण बिघडवतंय ते कळत नाही, आणि पर्फचा (वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या साधनाचा) रिपोर्ट निरुपयोगी

नमस्कार मंडळी. डेटा अ‍ॅक्विझिशनच्या एका पीसीआय एक्सप्रेस कार्डासाठी लिनक्स ड्रायव्हर लिहितोय. कर्नल ६.६, मशीन एक्स८६-६४. लोड वाढला की ऊप्स (कर्नलमधल्या गंभीर चुकीचा संदेश) येतो, पण दर वेळी वेगळीकडे: कधी फाइल सिस्टीममध्ये, कधी नेटवर्कच्या कोडमध्ये. माझा ड्रायव्हर काढला की सगळं शांत. म्हणजे दुसऱ्याच्या मेमरीत लिहिणारा माझ्याच घरातला आहे.

मेन्यूकॉन्फिगच्या 'कर्नल हॅकिंग'मधून जेनेरिक कासान, प्रूव्ह लॉकिंग (लॉकच्या चुका शोधणारा लॉकडेप), केमेमलीक (न सोडलेली मेमरी शोधणारा) आणि डीबग इन्फो चालू केलं. मॉड्यूलही त्याच ट्रीवर नव्याने बिल्ड केलं, नाहीतर त्याच्या कोडमध्ये कासानच्या तपासण्या येतच नाहीत. तरीही ऊप्स येतो आणि कासान गप्प!

शिवाय याच ड्रायव्हरचा थ्रूपुट (डेटा वाहण्याचा वेग) वाढवायचाय. याच कर्नलवर पर्फ लावला तर वरच्या सगळ्या ओळी कासान आणि लॉकडेपच्या, माझा इंटरप्ट हँडलर पार तळाला. यातले कोणते पर्याय प्रोफाइलिंगच्या कर्नलमध्ये ठेवले तर चालतील? आणि कासानला न दिसणारं असं काय असू शकतं? याच्यात पुरता अडकलोय, कुणी वाट दाखवली तर फार उपकार होतील.

प्रतिसाद

कार्ड डीएमए (सीपीयूला मध्ये न घेता थेट रॅममध्ये वाचणं-लिहिणं) करतं ना? मग कासान गप्प राहणं अगदी शक्य आहे. कंपायलर सीपीयूच्या वाचण्या-लिहिण्याभोवती तपासण्या घालतो; कार्ड स्वतः रॅममध्ये लिहितं ते त्या तपासण्यांतून जातच नाही. बफर अनमॅप करून (कार्डाचा त्यावरचा हक्क काढून) परत दिला, तो दुसऱ्या कुणाला मिळाला, आणि कार्ड अजून जुन्याच पत्त्यावर लिहितंय, असं असेल तर ऊप्स कुठेही येईल. तुमची लक्षणं हुबेहूब तीच आहेत.

डीबग कर्नलमध्ये 'डीएमए एपीआय डीबग' चालू करा. मॅप-अनमॅपच्या जोड्या जुळत नसतील, आकार चुकला असेल तर लॉगमध्ये इशारा येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आयओएमएमयू, म्हणजे कार्डाला रॅमच्या कोणत्या पत्त्यांवर जाता येईल ते ठरवणारं हार्डवेअर. इंटेल असेल तर बूट ओळीत 'इंटेल_आयओएमएमयू=ऑन' आणि सोबत 'आयओएमएमयू.स्ट्रिक्ट=१' द्या. स्ट्रिक्ट नसेल तर अनमॅप केलेला पत्ता थोडा वेळ जिवंत राहतो आणि चोर निसटतो. स्ट्रिक्टमध्ये कार्डाने तिथे लिहिलं की लगेच फॉल्ट, लॉगमध्ये डिव्हाइस आणि पत्त्यासकट.

प्रोफाइलिंगसाठी वेगळं बिल्ड कराच, 'मेक ओ=' देऊन स्वतंत्र डिरेक्टरीत. त्यात कासान, लॉकडेप, केमेमलीक, डीएमए डीबग सगळं बंद. आयओएमएमयूही रोजच्या मोडवर आणा, कारण स्ट्रिक्टमध्ये प्रत्येक अनमॅप महाग पडतो. डीबग इन्फो मात्र राहू द्या: त्याने फाइल फुगते, चालणारा कोड मंद होत नाही. मॉड्यूल बसवताना 'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१' दिलंत की बसवलेल्या मॉड्यूलांतली डीबग इन्फो निघते (स्ट्रिप) आणि इनिटरॅमएफएसही (बूटच्या वेळी लोड होणारी छोटी फाइल सिस्टीम) आटोक्यात राहतो; स्ट्रिप न केलेली मॉड्यूलं बिल्डच्या डिरेक्टरीत असतातच. बॅकट्रेससाठी (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी) ओआरसी अनवाइंडर ठेवा, फ्रेम पॉइंटरची गरज नाही.

केफेन्स (मेमरीच्या चुका नमुने घेऊन पकडणारा, कासानपेक्षा हलका) या कर्नलमध्येही ठेवता येतो. तो दर १०० मिलिसेकंदांनी एखादंच अ‍ॅलोकेशन पहाऱ्यात घेतो, त्यामुळे पर्फमध्ये जवळपास दिसत नाही. कार्डाचं लिहिणं त्यालाही थेट अडवता येत नाही, हे ध्यानात असू द्या.

आधी स्ट्रिक्टवर लोड देऊन बघा आणि फॉल्टची ओळ इथे टाका. त्यातला पत्ता तुमच्या अनमॅप केलेल्या बफरांशी जुळतो का, ते पाहू.