मदत हवी आहे: रात्रपाळीवाल्यांनी चालायला कधी जायचं?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी ३१ वर्षांची, पुण्यात कोथरूडला आईबरोबर राहते. काम मेडिकल बिलिंगचं, अमेरिकेच्या वेळेवर. संध्याकाळी ६.३० ला लॉगिन, पहाटे ३.३० ला सुटका. कॅब सगळ्यांना सोडत सोडत मला साडेचारला घरी टाकते. पाचला झोपते, दुपारी १ ला उठते. मग आंघोळ, जेवण, थोडा मोबाइल, की पाचला पुन्हा कॅब दारात. अडीच वर्षं हेच.

गेल्या दिवाळीपासून मात्र मन थाऱ्यावर नाही. घरात वाईट असं काही घडलेलं नाही, म्हणून कोणाला सांगायलाही अवघड वाटतं. जेवणाला चव लागत नाही. फोन वाजला तर तो थांबेपर्यंत बघत बसते. एकदा कुकरची शिट्टी होईना म्हणून रडले. (आई इतकी घाबरली की शेवटी मलाच हसू आलं.)

जानेवारीत एका मैत्रिणीने सुट्टीच्या दिवशी जवळजवळ ओढतच वेताळ टेकडीवर नेलं. दुपारचे चार वाजले होते. गिरिपुष्पाला गुलाबी फुलं आली होती, वर एक मोर ओरडत होता. खाणीच्या काठाशी बसून शेंगदाणे खाल्ले, वेताळबाबाला नमस्कार केला आणि उतरलो. एवढंच. पण त्या दिवशी झोप लागली ती दगडासारखी, आणि पुढचे दोन दिवस छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी नऊ वेळा गेले. कॅलेंडरवर फुल्या मारल्यात, म्हणून आकडा नक्की आहे. मग मैत्रीण बदली होऊन बंगळूरला गेली, आमच्याकडे तिमाहीअखेरची धावपळ सुरू झाली आणि फुल्या थांबल्या. आता मी होते तिथेच परत.

सगळे सांगतात, पहाटे उठून चाल. अहो, माझी पहाट दुपारी एकला होते! कॅबमधून उतरल्यावर घरी न जाता तासभर वाट बघून, उजाडल्यावर चालून पाहिलं. तीन दिवस केलं आणि तिन्ही दिवस झोपेचं वाटोळं झालं, नऊपर्यंत टक्क जागी. उठल्यावर जावं तर बागा दुपारी बंद. टेकडीवर उन्हाळ्यात पानगळ झालेली, डोक्यावर सावली म्हणून नाही, आणि एकटीने त्या वेळी वर जायला जरा धाकधूकही वाटते.

खरा प्रश्न असा, की मला नेमकं कशाने बरं वाटत होतं? चालण्याने, उन्हाने, झाडांनी, की मैत्रिणीने? सगळं एकदम जमणार नाही हे कळून चुकलंय. निदान एक काहीतरी धरून ठेवीन म्हणते.

टेकडीकर: ताई, धाकधूक अगदी रास्त आहे. मी वीस वर्षं टेकडी चढतोय, पण भर दुपारी आडवाटेला एकट्याने जाऊ नका असंच सांगेन. तोवर प्रभात रोड आणि भांडारकर रोडच्या आतल्या गल्ल्या धरा. जुनी मोठी झाडं, दुपारीही बऱ्यापैकी सावली, रहदारी कमी, आणि कंटाळा आला तर दोन पावलांवर चहा. पाऊस पडून गेला की टेकडी पंधरा दिवसांत हिरवी होते, तेव्हा रविवारी चारच्या सुमाराला माणसं असतात तेव्हा जा. टिटवी अंगावर ओरडत आली तर घाबरायचं नाही, जवळपास तिची अंडी असतात. मुकाट्याने वाट बदलायची.

नाइट ड्यूटी: अगं, मी परिचारिका आहे, रात्रपाळीत निम्मं आयुष्य गेलं. उजाडल्यावर चाललीस म्हणून झोप गेली यात नवल नाही. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराला वाटतं दिवस उगवला. इतरांना ते औषध, तुला अपाय. आम्ही ड्यूटी संपवून घरी येताना काळा चष्मा लावायचो, बाया हसायच्या. तू साडेचारला अंधारात घरी पोचतेस हे उलट चांगलं. जाड पडदे ओढ आणि झोप. उजेड घ्यायचा तो उठल्या उठल्या. मोबाइल हातात घेण्याआधी चप्पल पायात.

आणि दुसरं, चालण्याच्या नादात हे टाळू नकोस. थायरॉइड, बी१२, डी जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासून घे. शाकाहारी असशील तर बी१२ नक्कीच. यातलं काहीही बिघडलं की माणूस असाच मरगळतो आणि स्वतःलाच आळशी म्हणत बसतो. दिवाळीपासून म्हणजे सहा महिन्यांच्या वर झाले. डॉक्टरांना रडण्याचंही सांग, नुसता थकवा सांगून येऊ नकोस. मध्यरात्री फारच जड झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

शंकेखोर: 'नेमकं कशाने' हा प्रश्न आवडला. २०१५ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हेच पाहिलं होतं. ३८ जण घेतले. काहींना दीड तास गवताळ, झाडांच्या भागात चालायला लावलं, काहींना तेवढाच वेळ वाहत्या रस्त्याच्या कडेने. चालले दोघंही. पण मनातल्या मनात तेच तेच दुःख चघळत राहणं कमी झालं ते झाडांत चाललेल्यांचं. आपल्याकडे याला रवंथ म्हणायला हरकत नाही. म्हणजे झाडांचा वाटा काहीतरी आहे. पण माणसं ३८ आणि फेरी एकच, तेव्हा डोक्यावर घेऊन नाचू नये.

दुसरा अभ्यास २०१९ चा, इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांचा. आठवड्याला निसर्गात एकूण निदान १२० मिनिटं घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. ती मिनिटं एकदम काढली की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. आता खोच अशी, की मुळात ज्यांना बरं वाटतं तेच बाहेर पडतात असंही असू शकतं. पण तुमच्या नऊ फुल्यांनाही हाच आक्षेप लागू आहे बरं का. बरं वाटलं म्हणून गेलात, की गेलात म्हणून बरं वाटलं?

तांपेरेचा तात्या: फिनलंडात असतो. डिसेंबरात सूर्य साडेनऊनंतर उगवतो आणि तीनला गुडूप. पहिल्या वर्षी मी अक्षरशः भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. मग ऑफिसातल्या एकाने जेवणाच्या सुट्टीत बाहेर काढायला सुरुवात केली. उणे दहा असो नाहीतर बर्फ, वीस मिनिटं. ऑफिसातला उजेड असतो ३००-५०० लक्स (हे उजेड मोजायचं माप), ढगाळ दुपारी उघड्यावर त्याच्या कितीतरी पट. डोळ्यांना सवय होते म्हणून आपल्याला तो फरक कळत नाही. तुमच्याकडे तर दुपारी १ ला फुकटचं आभाळ आहे, पाऊस असला तरी. ताई, मैत्रिणीला फोन लावा आणि चालता चालता बोला. माझी बहीण साताऱ्यात चालते, मी इथे. आमची भांडणंसुद्धा आता चालताचालताच होतात.

वाचनमात्र२: मी पण रात्रपाळी. मी पण कोथरूड. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी): सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. नाइट ड्यूटीताई, तुमचं ऐकलं. थायरॉइड ठीक आहे, पण बी१२ पार तळाला निघालं. इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टरांना रडण्याचंही सांगितलं, त्यांनी महिन्याने परत बोलावलंय, तेव्हाही असंच वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणार आहेत.

दुपारी २ ला प्रभात रोडच्या गल्ल्या धरल्यात. आठवड्यातून चार दिवस जमतं, पंचवीस-तीस मिनिटं. दोन दिवस फोनवर मैत्रीण, एक दिवस वाचनमात्र२ प्रत्यक्ष, एक दिवस कोणीच नाही. शंकेखोर, कोणीच नसतं त्या दिवशीही संध्याकाळ बरी जाते, एवढं सांगू शकते. अर्थात आता मधेच बी१२ची इंजेक्शनं घुसल्यामुळे माझा प्रयोग पुरता नासला आहे. जेवणाला मात्र चव लागायला लागली. काल आईच्या हातचं पिठलं मागून घेतलं.

एक उपप्रश्न. येत्या रविवारी मी आणि वाचनमात्र२, आम्ही दोघी टेकडीवर जाणार आहोत. पावसात त्या लाल मातीवरून माझे बूट घसरतात. हजार-दीड हजारात चांगली पकड असलेले कोणते मिळतील? टेकडीकर, तुम्ही काय घालता?