वेल्डरच्या २० पोरांतली १४ पास, मग निकाल ९३ टक्के कसा?

ठिणगी:
आमच्या तालुक्यातल्या एका खासगी आयटीआयने चौकात फ्लेक्स लावलाय, वेल्डर ट्रेड निकाल ९३%. पुतण्या त्याच बॅचला होता म्हणून आतला हिशोब माहितीये. ऑगस्टमध्ये २० पोरं भरली, दिवाळीला गेलेली ३ परत आलीच नाहीत, दोघांची हजेरी ८० टक्क्यांच्या खाली म्हणून हॉलतिकीट नाही. बसली १५, पास १४. मग हे ७० टक्केच झाले ना राव?

निवृत्त निदेशक:
दहावीचं बोर्डही बसलेल्यांतूनच टक्केवारी काढतं, त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. एक वर्षाच्या ट्रेडला पोरं सोडतात ती काय आम्ही शिकवत नाही म्हणून? कुणाला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये रोज सुटतो, कुणाचा डिप्लोमाला नंबर लागतो, ते आमच्या माथी कशाला मारायचं? आणि युनिटच, म्हणजे एक तुकडीच २० ची, एक पोरगं गेलं की ५ टक्के साफ.

ठिणगी:
दहावीला कोणी फ्लेक्स बघून फी भरत नाही हो सर. आणि तिघांतला तिसरा म्हणजे आमचा पुतण्या, ना शेड ना डिप्लोमा, घरी बसलाय, फी गेली ती गेली. तुमच्या भागाकारात तो वरही नाही न खालीही नाही.

डॉलरवाला:
इकडे अमेरिकेत ३०० ते ६०० तासांच्या कोर्सला सरकारी कर्ज चालायला हवं असेल तर ७० टक्के पोरांनी कोर्स पुरा केलेला दाखवावा लागतो, वर ७० टक्के नोकरीला लागलेली. छेदात त्या वर्षी पटावर असलेली सगळी, फक्त पूर्ण फी परत घेऊन गेलेली आणि वर्षाअखेरीला अजून शिकत असलेली वजा. कोर्सच्या दीडपट वेळेत सर्टिफिकेट मिळालं तर धरतात.

निवृत्त निदेशक:
म्हणजे प्रॅक्टिकलला उडालेला तो पंधरावा पुरवणीत दीड वर्षाच्या आत निघाला तर १५ भागिले २०, ७५ टक्के. हे मला चालेल. पण फी परत दिलेली वजा म्हणता, इथे दिवाळीनंतर फी परत देतं कोण?

ठिणगी:
तेच तर! म्हणून छेद २० चाच ठेवा.

निवृत्त निदेशक:
ठेवतो, पण डिप्लोमाला गेलेला वेगळ्या रकान्यात. तो गळालेला नाही, त्यावर मी ऐकणार नाही.