स्विफ्ट २०१९: आधी १७ इंची अलॉय की आधी रीमॅप?

बावडा_रोड: मंडळी, स्विफ्ट झेडएक्सआय पेट्रोल, १.२, ८३ पीएस. १८५/६५ आर१५ टायर (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) गुळगुळीत झालेत, बदलायचेच आहेत. एरवी गाडी कोल्हापुरातच, सुट्टीला घरचे चौघे आणि सामान घेऊन करूळ घाटाने कोकणात. १७ इंची अलॉय (मिश्रधातूच्या रिम), २०५/४५ टायर आणि रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) असा बेत आहे. बजेट ७० हजार. वळणावर गाडी घट्ट बसली पाहिजे आणि चढाला ओव्हरटेक करताना दम पाहिजे. सुरुवात कशापासून करू?

घाटवाट: भावा, रीमॅप डोक्यातून काढ. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) असता तर हवेचा दाब वाढवून ताकद काढता आली असती. तुझं इंजिन स्वतः ओढेल तेवढीच हवा घेतं, त्यामुळे हाती फारसं काही लागत नाही. ११३ एनएम टॉर्क (ओढण्याचा जोर) ४२०० आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला ४२०० फेऱ्यांना मिळतो. चढाला तिसरा गिअर धर, काटा चार हजारांवर राहू दे, मग दम बघ.

आता चाकं. २०५/४५ आर१७ चा व्यास ६१६ मिमी येतो, मूळचा ६२१, म्हणजे स्पीडोमीटरला धक्का नाही. पण टायरची बाजू १२० मिमीवरून ९२ वर येते. पावसाळ्यात घाटात पाण्याखाली खड्डा दिसत नाही. चार माणसं, डिकी भरलेली आणि चाक धारेवर आदळलं की रिम वाकते, टायरला फुगा येतो. माझा आग्रह आहे, रिम मूळचीच ठेव आणि त्याच मापाचे, ओल्यात पकड देणारे उत्तम टायर घे. उरलेल्या पैशांत पुढचे ब्रेक पॅड आणि डॉट ४ ब्रेक ऑइल. जुनं ऑइल हवेतलं पाणी धरतं, लांब उतारावर तापून त्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. घरची माणसं गाडीत असताना ते व्हायला नको.

बावडा_रोड: ब्रेकचं पटलं दादा, करतोच. पण अलॉयवर फार जीव आहे. १६ इंची चालतील?

टायरवाला_पुणे: चालतील. १९५/५५ आर१६ चा व्यास ६२१ च्या आसपासच येतो. पीसीडी ४×१०० (चार बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी), हबचं म्हणजे रिमच्या मधलं भोक ५४.१ मिमी. बाजारातली बरीच अलॉय ७३.१ च्या भोकाची असतात, मधे रिंग बसवून घ्याच, नाहीतर हायवेला स्टिअरिंग थरथरतं. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळचा ८८, म्हणजे एका टायरला ५६० किलो. त्याखाली उतरू नका. बसवल्यावर चौघांना बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, कुठे घासता कामा नये.

घाटवाट: १६ ला माझी हरकत नाही, पण वजनाला हलकी बघ. आणि टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचूनच पैसे दे. २२२५ म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं दुकानात पडलेला माल असेल तर सरळ परत कर.