म्हातारी कुत्री पेलतात कशी?

अमेरिकेत टेनेसीतल्या 'ओल्ड फ्रेंड्स सीनियर डॉग सँक्चुअरी' या म्हाताऱ्या कुत्र्यांच्या आश्रयस्थानावरचा माहितीपट पाहून कुणीतरी विचारलंय की इतकी म्हातारी कुत्री एका संस्थेला पेलतात कशी. 2012पासून चालणाऱ्या या संस्थेची बहुतेक कुत्री आवारात नसतात, आसपासच्या घरांत असतात. सांभाळ कुटुंबाचा, दवाखान्याचा खर्च संस्थेचा, तोही कुत्रं असेपर्यंत. म्हातारं कुत्रं घरी नेताना लोक घाबरतात ते औषधपाण्याच्या बिलाला. ती धास्तीच इथे काढून टाकली आहे. आपल्याकडच्या संस्थांनी हे जरूर उचलावं.

घरी सांभाळायचं तर आधी फरशी बघा. गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात, सांधे आणखी दुखावतात. अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅट टाका, नखं आणि पंजांमधले केस कापत राहा. गाडीत चढायची फळी 1 फूट उंचीला किमान 3 फूट लांब हवी. उठता न येणाऱ्या कुत्र्याची कूस दर 3-4 तासांनी बदला, नाहीतर कोपरांवर आणि खुब्यांवर जखमा होतात.

लंगडतंय म्हणून आपल्या घरातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नका. पहिलीने पोटात अल्सर होऊ शकतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, दुसरीने यकृत.