अपघात पाहिलेल्या कामगारांना दुसऱ्याच दिवशी एकत्र बसवून बोलतं करावं का?

प्रश्न:
यंत्रात सहकाऱ्याचा हात सापडला, पाच-सहा जणांनी ते डोळ्यांदेखत पाहिलं. व्यवस्थापन म्हणतं, उद्याच सगळ्यांना एका खोलीत बसवून मन मोकळं करून घ्या. समुपदेशकाने काय करावं?

उत्तर १:
स्पष्ट नकार द्यावा. एका बैठकीत सगळं वदवून घेणाऱ्या डीब्रीफिंगने पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा मानसिक विकार, टळत नाही. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शिकेतही ते करू नये असंच आहे. ज्याने फक्त किंकाळी ऐकली, त्याला रक्ताचं वर्णन कशाला ऐकवायचं?
सुरुवातीला झोप, जेवण, घरी सोडायला सोबत आणि जखमीची खरी खबर, एवढं सांभाळा. खबर मिळाली नाही की अफवा पसरतात. बोलावंसं वाटेल त्याचं ऐका, खोदून विचारू नका. दचकणं, झोप उडणं, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं हे या दिवसांत होतंच आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं, हे आधीच सांगून ठेवा.

उत्तर २:
पीटीएसडीचं निदान लक्षणं महिन्याहून जास्त टिकल्यावरच करता येतं. त्यामुळे महिन्याने पुन्हा भेट ठरवाच. तेव्हा पीसीएल-५ ही पीटीएसडीच्या लक्षणांची प्रश्नावली भरून घ्या: २० प्रश्न, एकूण ८० गुण. ३१-३३च्या पुढे गेल्यास सविस्तर मुलाखत घ्या. नुसत्या गुणांवर निदान करू नका. आघात-केंद्रित सीबीटीला (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा, बोलण्यातून होणारा उपचार) साधारण ८ ते १२ सत्रं लागतात. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर मात्र महिना थांबायचं नाही, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे.

उत्तर ३:
कामावर परतण्याबद्दल. यंत्राचं संरक्षक झाकण आधी दुरुस्त झालंय ना, ते विचारा. धोका तसाच असेल तर माणसाची भीती खरी आहे, ती घालवायला जाणं हा अन्याय.
मग पायऱ्या: बंद यंत्राजवळ उभं राहणं, लांबून चालू यंत्र पाहणं, कुणाच्या तरी सोबतीने थोडा वेळ काम, शेवटी पूर्ण पाळी. पुष्कळदा यंत्रापेक्षा त्यातून हवा सुटल्याचा फुस्स आवाजच अंगावर येतो, म्हणून आवाज-वास नेमके विचारून घ्या. भीती ऐन भरात असताना पायरी सोडून बाहेर पडू दिलं तर सुटका पळण्यातच आहे हे मनात पक्कं बसतं. कायमची बदली केली तरी तेच होतं.

प्रश्नकर्ता:
आणि व्यवस्थापनाने अहवाल मागितला तर?

उत्तर २:
काय कळवायचं ते पहिल्या सत्राआधी लेखी ठरवा: कामाला तयार आहे की नाही, कोणती सवलत हवी, किती दिवस. खोलीत काय बोलणं झालं ते नाही. जिवाला धोका असल्यास गोपनीयता मोडावी लागते, हे कामगारालाही सुरुवातीलाच सांगा.