प्रतिसाद: मानकं आहेत, साइडपट्टी बघा

कोकणातल्या पावसाला साजेशी मानकंच आपल्याकडे नाहीत म्हणून रस्ते उखडतात, असं वर म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ पासून आहे. ज्या समितीच्या शिफारशींतून ती उभी राहिली, तिचे अध्यक्ष आपले बॅ. मुकुंदराव जयकर होते, हेही फारसं कुणी सांगत नाही. जास्त पावसाच्या भागात डांबरी रस्त्याला मधून कडेकडे २ ते २.५ टक्के उतार हवा, डांबराच्या कडेच्या मातीच्या पट्टीला, म्हणजे साइडपट्टीला, त्याहून किमान अर्धा टक्का जास्त, हे तिच्या मानकांत स्पष्ट आहे.

आमच्या संगमेश्वरकडे मात्र साइडपट्टीवर माती आणि गवत साचून ती डांबरापेक्षा उंच झालीय. डोंगराकडचं गटार जांभ्याच्या मातीने बुजलेलं, रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीचं तोंड बंद. मग पाणी डांबरावरच तुंबतं, खडी सुटते, आणि गणपतीच्या तोंडावर पुन्हा तेच खड्डे बुजवायचे!

ही मानकं म्हणजे कायदा नव्हे, कामाच्या करारात आली की ठेकेदारावर बंधनकारक होतात. म्हणून माहिती अधिकारात त्या कामाचं अंदाजपत्रक मागवा आणि गटार, मोरी, साइडपट्टीच्या बाबी आधी वाचा.